सदोष

दुपारी दोनला सबझल खोसोच्या चाळणीत
मातीखाली काहीतरी तांबडं उरलं.
थुंकी लावून त्यानं अंगठ्यानं पुसलं,
अकीकाचा मणी, करंगळीएवढा लांब.

दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणलेलं,
मधे गव्हाच्या दाण्याइतकं चुकलेलं.
कुणीतरी किती दिवस गिरमिट फिरवलं असेल,
मग उजेडाकडे धरून
एक डोळा मिटला असेल,
आणि उजेड आलाच नसेल.

साहेबांनी वहीत लिहिलं: सदोष, टाकाऊ.
कापसात ठेवून डबीवर आकडा घातला.

सबझल म्हणाला, त्या रात्री
त्याच्या घरी कालवणावरून भांडण झालं असणार, बघा.
कुणी हसलं नाही.

सिंधू आता इथून तीन कोस लांब वाहते.
त्यानं चाळणी झटकली,
पुन्हा भरली.