विस्तव

आस्लाउगनं पैसे मोजले नाहीत.
नोटा तशाच एप्रनच्या खिशात कोंबल्या
आणि शेगडीच्या पाठीवर थाप मारली,
गाय विकताना मारतात तशी.
"दार जरा उचलून लावायचं.
डावीकडची वीट तडकलीय, चालतं तेवढं.
आणि घाई करू नकोस.
घाई केली की ती धूर देते."

एकशे तीस किलो बीड,
आल्व्दालहून रेन्डालेनपर्यंत ट्रेलरवर,
जुन्या गालिच्यात गुंडाळून.
दर वळणाला मी आरशात बघत होते,
येतेय ना अजून.

तीन आठवडे नुसती बसून होती.
धुराडी तपासणारी सोल्वाइग आली, टेप उलगडला,
"वीतभर पुढे," म्हणाली, "आणि खाली पत्रा."
धुराड्यात हात घालून
एक वाळलेलं पाखरू काढलं
आणि माझ्या तळहातावर ठेवलं.
पावतीपेक्षा हलकं.

पत्रा आणला. दाराची दोरी बदलली.
वीतभर पुढे सरकवताना कंबर धरली.

मग पहिली काडी.
भूर्जाच्या साली, ढलप्या, वर दोन ओंडके;
म्हटलं, जाळणं कुणाला येत नाही?
धूर वर गेलाच नाही.
गारठलेलं धुराडं म्हणजे बूच.
तो फटीफटीतून आत आला,
पडद्यांवर बसला, लोण्यावर बसला,
छताची घंटी किंचाळत राहिली
आणि मी उणे एकवीसमध्ये
सगळ्या खिडक्या सताड उघडून
कोट-बुटांत उभी, स्वतःच्याच घरात.

नंतर जमलं, म्हणजे मला वाटलं जमलं.
लाकूड पुरावं म्हणून झडप मिटून ठेवायची,
ती रात्रभर धुमसायची,
सकाळी काच काळी.
ब्लेडनं खरवडायचे, आणि शाळेची बस काढायचे,
बोटं काळी, पोरं हसायची.

हाल्वोरमध्ये आणि माझ्यात विस्तव जात नव्हता.
अकरा हिवाळे.
कारण त्याच्या यंत्रानं माझ्या फाटकात ढकललेला बर्फ,
किंवा त्यावर मी बोललेला एक शब्द,
जो मला आठवतो
आणि त्यालाही.

रविवारी दार वाजलं.
टोपी न काढता म्हणाला,
"तुझा धूर पिवळा आहे.
चार दिवस बघतोय."
मग बूट काढले. मोज्याला भोक.
माझ्या ढिगातला एक ओंडका घेऊन
दुसऱ्यावर आपटला: थप्प.
"ओलं असं बोलतं."
घरी गेला. स्लेजवर त्याचं सरपण आणलं,
दोन उन्हाळे खाल्लेलं.
आपटलं: टण्ण.

जाड खाली, बारीक वर.
आग वरून लावायची, उलटं वाटलं तरी.
त्याआधी कागदाचा पेटता बोळा नळीच्या तोंडाशी:
"धुराड्याला आधी कळवायचं, काम आलंय म्हणून."
झडप पूर्ण उघडी. "चिक्कूपणा नंतर."

आग एकेक पायरी खाली उतरली,
रात्री पाणी प्यायला उठलेल्या पोरासारखी.
बीड टिकटिक करू लागलं.
आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो.
बरं असतं तसं, तोंडाकडे बघावं लागत नाही.
बर्फाचा विषय निघाला नाही.
तो दोन कप कॉफी प्यायला
आणि जाताना दार उचलून लावलं,
न सांगता.

आता मला गावातले धूर वाचता येतात.
कोण उठलं, कोण ओलं जाळतंय,
कुणाकडे पाहुणे.

काल सात वाजले, साडेसात झाले,
हाल्वोरच्या धुराड्यावर काहीच नाही.
फोन केला. खोकला, मग "काही नाही, ताप आहे."

जस्ताची बादली घेतली,
तळाला राख, राखेवर निखारे,
वर झाकण,
आणि कुंपणाच्या बाजूनं निघाले, गुडघाभर बर्फातून.
झाकणाच्या कडेवर पडणारे कण
चर्र करून विरत होते.

काड्यापेट्या त्याच्याकडे डझनभर असतील.
माहीत आहे मला.