चार्ज देताना

साहेब, ही किल्ली.
कुलूप आतून गंजलंय. दोनदा उलटी फिरवा,
मग एक शिवी द्या, मग उघडतं.
हा गोल शिक्का, हा लांबट.
शाईचं पॅड वाळून पापड झालंय,
चौदा महिने कुणी अंगठासुद्धा टेकवला नाही त्यावर.

सरपंच अपात्र. उपसरपंच कोर्टात.
ग्रामसेवक बदलून गेले ते गाडी बंद न करताच.
तलाठ्याकडे सात गावं, आमची खैरबोडी आठवी.
म्हणजे राज्य काय ते मीच,
चपराशी, पगार थकलेला.

तुम्ही खुर्ची पुसायच्या आधीच म्हणालात,
"इथे तर अराजक माजलं होतं."
मी दहावी नापास. पण माजणं मला कळतं.
सांड माजतो, गाजरगवत माजतं.
त्या वर्षी काय माजलं ते ऐका.

आश्विन कोरडा गेला. धान निसवायला आलं
आणि बांधीत भेगा, टाच अडकेल एवढ्या.
तलाव भरलेला.
पण तुडुम उघडायचं तर ठराव लागतो,
ठरावाला कोरम,
कोरमला माणसं, जी कागदावर मेली होती.

एका रात्री सुलकन वलथरे पाण्यात उतरली.
ढिवरीण. त्याच पाण्यात तिचं वर्षाचं बियाणं सोडलेलं.
खुंटा तिनंच उपटला. म्हणाली,
"मासे मरतीन त मरू द्या, लोकाइचे पोट त वाचन."

सकाळी हरबाजी कापगतेनं एक वेळूची काठी आणली,
तिच्यावर विळ्यानं खाच पाडली.
खाचेपर्यंत पाणी, मग बांध फोडून पुढच्याला.
कुणाची सही नाही.
शेवटच्या टोकाला गोवाऱ्यांच्या बांध्या आहेत,
तिथं पाणी पोचलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.
वहीत मात्र दरवर्षी पोचत होतं.

इथवर सांगून थांबलो असतो
तर तुम्ही मला चहा पाजला असता.

सातव्या रात्री चैतराम डोंगरवारनं पाट फोडला,
आपल्याकडे वळवून घेतला.
गाव जमलं. तेच गाव, साहेब.
कुणी "थांबा" म्हणालं नाही,
कारण थांबा म्हणायचं काम कुणाकडेच नव्हतं.
डावा हात कोपरातून उलटा झाला त्याचा.
आता बैल जुंपताना जूची दुसरी बाजू बायको धरते.

लोक सांगतात, हात हरबाजीच्या त्याच काठीनं मोडला.
खोटं आहे. फावड्याचा दांडा होता.
पण गोष्टीला काठी शोभते, म्हणून लोक काठी सांगतात.
मी जवळून पाहिलंय.
माझ्या हातात बॅटरी होती, सेल नवे.
मीच उजेड धरला होता.

चैतराम ठाण्यात गेला नाही.
"नाव कोनाचं सांगू? सारं गावच होतं."
आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही बांधीत पाणी सोडलं,
बरोबर खाचेपर्यंत,
बोटभर कमी नाही.
मला झोप येत नाही ती त्या बोटभरामुळे.

राज असतं तर हात वाचला असता?
वाचला असता बहुतेक.
धान वाळलं असतं, यात बहुतेक नाही.
एक हात आणि सत्तावीस बांध्या,
हा हिशेब मी कुठल्या वहीत मांडू?
नमुना आठ घरांचा आहे, नऊ कराचा.
तुमच्याकडे नवा नमुना आला असेल तर द्या.
रिकामाच द्या.

सुलकनला नुकसानभरपाई मागा म्हटलं,
तर ती हसली. "कोनाले मांगू?" म्हणाली.
तुम्ही आलात, आता मागेल कदाचित.
कदाचित तुम्ही ठरावाशिवाय खुंटा उपटला म्हणून
तिलाच नोटीस काढाल.

असो. पॅडवर दोन थेंब पाणी टाकलंय,
शिक्का उमटेल आता.
इथे सही करा, खाली तारीख.
कपाट, दोन खुर्च्या, झेंडा, झेंड्याची दोरी,
सगळं मोजून घ्या.

ही बॅटरी नका मोजू.
ही सरकारी नाही. माझी आहे.