धाकटं, थोरलं

सोहारच्या स्टेडियममध्ये माझ्या खोलीला खिडकी एकच,
आणि ती मैदानाकडे.
समोर मिक्सर, दोन पडदे, शाजीचा थर्मास,
आणि एका फोल्डरात सलामीची धून दोनदा:
एक बावीस सेकंदांची,
एक चार मिनिटं अकरा सेकंदांची.

लोकांना ठाऊक आहे ती बावीसवाली.
संघ बोगद्यातून बाहेर येतात, मी बटण दाबतो,
ट्रम्पेट तीनदा वर चढतात,
नगारे, झांज,
संपलं.
टाळ्या तोवर तयारच असतात,
दारात चपला घालून उभ्या असल्यासारख्या.

मोठी वाजते फक्त दुपारी, साउंड चेकला.
बाहेर बेचाळीस डिग्री,
पंधरा हजार खुर्च्या रिकाम्या,
आणि टेकबहादूर एकेक खुर्ची पुसत
सतराव्या ओळीत पोचलेला.

दोन्ही एकापाठोपाठ एक लावून ऐकल्यात मी,
किती वेळा, ते बायकोला सांगणार नाही.
आठव्या बारपर्यंत काही फरक नाही.
मग धाकटीत एक सांधा आहे.
कुणीतरी, कुठल्याशा थंड गावात, कात्री लावून
आठव्यावरून थेट शेवटावर उडी मारली.
काम चोख. शिंप्यालाही दिसू नये असा टाका.
पण हेडफोन लावले की
तिथं एका वादकाचा श्वास ऐकू येतो,
अर्धाच.
घेतलेला. सोडलेला नाही.

मोठीत तो पुरा होतो.
आणि त्या श्वासावर जे येतं ते ट्रम्पेट नाहीच.
एक ओबो,
शर्यत हरलेल्या माणसानं बुटाची नाडी सोडावी
इतका सावकाश.
व्हायोलिनं त्याला घाई करत नाहीत.
नगारेवाला तोवर बसून असेल,
मांडीवर काठ्या, मनात आकडे.

माझे वडील विट्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे.
वरात दवाखान्यापाशी आली की मास्तर हात आडवा करायचे:
"धाकटं घ्या."
म्हणजे ध्रुवपदाची एक ओळ, ढोल बंद, आणि पुढं.
थोरलं मांडवाच्या दारात.
पण तिथवर नवरदेव उतरलेला असे,
माणसं पंगतीकडे वळलेली,
आणि वडील डोळे मिटून
पाहुण्यांच्या पाठींना वाजवत राहत.
त्यांना कधी विचारलं नाही, यातलं खरं कोणतं.

फेब्रुवारीत एकदा, उपांत्य सामना.
पाहुण्या संघाची बस महामार्गावर अडकली.
खल्फान वॉकीटॉकीवर ओरडला, "वाजव काहीतरी, वेळ काढ."
मी मोठी लावली.

बाविसाव्या सेकंदाला सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले.
धून थांबली नाही.
टाळ्या एकमेकींकडे बघत विरल्या.
चेंडू आणून देणारी पोरं रांगेत ताठ,
त्यांना कुणी 'विश्राम' म्हटलं नव्हतं.
मग ओबो.
अकरा हजार माणसं, आणि कुणाला कळेना
आता काय करायचं असतं.
एका आजोबांनी डिशदाशाच्या खिशातून भोपळ्याच्या बिया काढल्या
आणि न फोडता मुठीत धरून बसले.
खाली कठड्यापाशी टेकबहादूर,
फडकं खांद्यावर,
पुढं काय येतं ते ठाऊक असलेला तेवढा एकच.
नगाऱ्यांच्या जरा आधी त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं
आणि बोट वर केलं: आता.

बस आली.
"बंद कर, छोटी लाव."
तीन मिनिटं दोन सेकंद झाली होती.
मी छोटी लावली.
संघ आले, लोक सुटल्यासारखे ओरडले,
तो अर्धा श्वास त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेला असेल
असं मला वाटत नाही.

रात्री दिवे एकेक खांब करून विझत होते,
तेव्हा टेकबहादूर पहिल्यांदाच जिना चढून वर आला.
बादली दाराबाहेर ठेवली.
म्हणाला, उरलेलं?

एक मिनिट नऊ सेकंद.
मी खुर्ची पुढं केली.
तो बसला नाही,
संपेपर्यंत उभाच राहिला.