हजेरी

शांतवन दुशिंग हे नाव पहिल्यांदा ऐकलं
तेव्हा आम्हाला वाटलं, असेल कुठलं तरी जंगल,
शांत, हिरवं, जालन्यापासून लांब.
आमच्या वस्तीत झाड एकच,
रोलिंग मिलच्या भिंतीला टेकलेला लिंब,
त्याचीही पानं काजळीनं जाड.

आम्ही दोरीला चुंबक बांधून रस्ताभर ओढत न्यायचो.
लोखंडाची भुकटी त्याला दाढीसारखी फुटायची.
किलोमागं अकरा रुपये,
त्यातले सहा पंक्चरच्या सोल्युशनला.

हा माणूस मिलमधला फिटर. डाव्या हाताला साडेतीन बोटं.
ड्यूटी सुटली की चर्चमागचं पत्र्याचं शेड उघडायचा.
आत एक कॅरम, राणीच्या जागी सोड्याचं लाल झाकण,
एक हजेरीची वही,
आणि गूळ-शेंगदाणे, वाटीनं मोजून,
भांडण नको म्हणून.
दारातच विचारायचा, "काहून रे, जेवलास का?"
बाकीचं मग.

येशूबद्दल तो असा बोलायचा
की जणू मागच्याच गल्लीत राहतो.
"सुताराचं पोरगं. त्याच्याबी बोटात कूस गेली असंल,
आईनं सुईनं काढली असंल."
मुस्तकीम विचारायचा, "रडला का मग तो?"
"रडला ना. मोठेपणीबी रडला."
एवढंच.
मग कॅरम.

एकदा मी मुस्तकीमचा दात पाडला.
नशेत होतो, कशावरून ते आता आठवत नाही.
शांतवननं मला थोबाडीत मारली.
साडेतीन बोटांची.
मला त्याचं काही नव्हतं, घरी रोजचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टँकरच्या रांगेत,
घागरी, बाया, माझा बाप, सगळ्यांसमोर
तो आला. चपला काढल्या.
म्हणाला, "भैरू, काल मी हात उचलला. माझं चुकलं.
मला क्षमा कर."

बाप हसला. त्याला वाटलं, फिटर आज सकाळीच पिऊन आलाय.
रांग थांबली. नळीतून पाणी नुसतंच वाहत राहिलं
आणि कुणी ओरडलं नाही.
मी बारा वर्षांचा.
माझ्याकडं कुणी काही मागितलं तर ते पैसे असायचे,
नाहीतर बिडी.
क्षमा कुठल्या खिशात ठेवतात, मला ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, "बरं."

तेवढ्यानं मी सुधारलो असं नाही.
त्यानंतरही दोनदा चौकीत बसलो,
दोन्ही वेळा तोच न्यायला आला,
डबा घेऊन,
हवालदाराला पण भाकर देऊन.

परवा त्याला पुरला.
खांदा द्यायला आम्ही नऊ जण. सहाच पुरे होते.
पाळक काय म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही,
मिलची भट्टी चालू होती,
तो असता तर म्हणाला असता, असू दे, पोटाचं आहे.

शेडची किल्ली त्याच्या बायकोनं माझ्या हातात दिली.
वह्या सोळा निघाल्या.
त्याच्या तिरक्या अक्षरात आमची नावं,
बापाच्या नावासकट,
ज्यांना बाप माहीत नव्हता त्यांच्यापुढं आईचं.
आलेल्यासमोर टिंब.
न आलेल्यासमोर 'गैरहजर' कुठंच नाही,
'येईल' असं लिहिलंय.
मुस्तकीम सुरतेला पळाला त्याला नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षं, रोज, शाई बदलत गेली तरी:
येईल. येईल. येईल.

त्याची बायको सांगते, पहाटे साडेचारला
तो ही वहीच वाचायचा, मोठ्यानं, गुडघ्यावर.
तिला आधी वाटायचं, लेकरं झोपेतच आहेत,
हा हजेरी कुणाची घेतो?

मी काही त्यांच्यातला नाही.
देवळातही फारसा जात नाही.
वेल्डिंगचं दुकान आहे, दोन पोरं आहेत,
त्यांच्यावर हात उचलतो कधीकधी,
आणि अजून एकदाही चपला काढलेल्या नाहीत.

प्रार्थना मला येत नाही.
आज पाचला शेड उघडलं, खाट ओढून बसलो,
आणि नावं वाचली.
छगन कोंडिबा. ज्ञाना सखूबाई. मुस्तकीम गफूर.
बाहेर कुणीतरी चुंबक ओढत चाललं होतं,
फरफट ऐकू येत होती,
दारापाशी जराशी मंदावली.