नमुना चार, साखरतर

हमीदाबीने चिखल आणला तो दह्याच्या डब्यातून,
झाकणावर अजून भाव चिकटलेला.
गुडघाभर खाडीत तिसऱ्या चाचपता चाचपता
माझ्यासाठी मूठभर खालचा काढला तिने.
"वरचा नको मास्तरीणबाय, वरच्यात लाँचींचा तेल हाय."

मी त्यातली थोडी माती धुवायला घेतली.
सात पाणी. आठव्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब
दुधाळ झाला नाही, तेव्हा सुटं मीठ संपलं असं धरलं.
वास संपला नव्हता.
वहीत वासाला रकाना नाही.

ही माती म्हणजे घावणांची चळत.
दोन घावणांच्या मध्ये पाणी,
पाण्यात सोडियम, पागडी न मागता उठणारा भाडेकरू.
त्याच्या जागी मी साबणाचा एक लांबचा भाऊ आणला:
डोकं धन, माती ऋण, लगेच जमलं;
पण डोक्यामागे सोळा कार्बनांची शेपटी,
तिला पाण्याचं वावडं.
रात्रभर ढवळलं. लाईट दोनदा गेली.

भाद्रपदात, रत्नागिरीत,
पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबणं
हा शहाण्या माणसाचा उद्योग नाही.
साच्यातून काचेसारखी निघते,
यंत्रापर्यंत नेईतो तिच्यात मोतीबिंदू,
हमीदाबीच्या डाव्या डोळ्यात आहे तसा.
मग सोळाशे तीसला जे पाणी दिसतं
ते मातीचं, हवेचं, की माझ्या बोटांचं?
नऊ चकत्या फुकट गेल्या.
दहावी दिव्याखाली धरून, श्वास रोखून, पळतच नेली.

आम्ही शिखर म्हणतो, कागदावर ती दरी असते.
नमुना एक, शेपट्या मोजक्या: २९२८.
म्हणजे ढिल्या, वाकलेल्या,
वलांडीवर नुकतेच टाकलेले ओले बोंबील,
वाऱ्याने जसे वळवले तसे.
दोन: २९२५.
तीन: २९२१.
चार:
मी चष्मा पुसला.
२९१८.

दहा आकड्यांची सरक, कागदावर नखाएवढीही नाही,
आणि तेवढ्यात सगळ्या शेपट्या ताठ,
एकमेकींना लागून,
चार उन्हं खाल्लेले बोंबील.
सोळाशे तीसचं पाणी ओसरलेलं,
ओहोटीनंतर खडकावर ओल राहते तेवढंच.
छत्तीसशे वीस मात्र जागचं हललं नाही.
ते मातीचं स्वतःचं हाड.
(दोन घावणांतलं अंतर क्ष-किरणांनी मोजायचं
तर पुडी कोल्हापूरला पाठवावी लागते.
तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीत.)

शनिवारी ती आली. "काय दिसला?"
मी कागद पुढे केला.
उजव्या डोळ्याने तिने रेघ नीट पाहिली,
बोट फिरवत खाली उतरली, वर आली.
"हय खोल हाय," म्हणाली, "हय होडी लागंल."

मग मी शिकवणं सोडून दिलं.
ग्लासभर पाणी घेतलं, त्यावर नमुना चारची चिमूट.
वरच राहिली.
तिने बोट बुडवलं, पूड बोटाला धरून खाली गेली,
बोट बाहेर आलं ते कोरडं.
"चिखल! आन् भिजत नाय!"
कुशी धरून हसली ती, स्टुलावर बसायची वेळ आली.

डिझेलचा एक थेंब सोडला.
पुडीने तो ओढून घेतला, गोळा झाली.
तेव्हा हसणं थांबलं तिचं.
"आन् तिसरी? तिसरी जगंल ह्यात?"

माझ्याकडे चार हजारपासून चारशेपर्यंत सगळे आकडे होते.

जाताना तिने डबा मागून घेतला,
उरलेल्या, न धुतलेल्या चिखलासकट.
"खाडीचा हाय. भरती लागायच्या आदी टाकते."

नमुना चार आता बंद काचपात्रात आहे, निळ्या खड्यांवर.
आज सकाळी पाहिलं,
कडेचे खडे गुलाबी व्हायला लागलेत.
कुठून तरी पाणी येतंय.