माप

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, ओल्या वाळूत
त्याने टाचेने आकृती काढली,
माणसाहून उंच,
कमरेत बारीक, खाली रुंद,
आणि माझ्या बापाला म्हणाला,
"मेस्तांनू, माका सारंगीची आजी करून व्हयी."

बापाने जन्मभर होड्याच केलेल्या.
विडी संपेपर्यंत बघत राहिला,
मग सुतळी आणायला वळला,
तोवर भरतीने तळाची वीतभर नेली.

म्हणून कैतानचा बास वीतभर आखूड.
फणसाची पाठ, सागाची मान,
तारांच्या जागी सुरमईचा जाड तंगूस.
वाजवताना त्याला वाकावं लागे.
मुंबईच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना वाटे
ही त्याची अदा.

बोटीवर स्टुअर्ड होता तेव्हा
अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात
बारच्या दारात उभं राहून
तीन गाणी ऐकली त्याने.
चौथ्याआधी भोंगा झाला.
तीन गाण्यांवर माणूस किती वर्षं काढेल?
कैतानने एकतीस काढली.

तार ओढायची, सोडायची,
ती लाकडावर आपटली की वरून तळवा हाणायचा,
वल्हं होडीच्या काठाला लागावं तसा.
रॉकाबिली, तो सांगे.
रेशनच्या रांगेत आम्ही रॉकेलबिली म्हणायचो,
तोही हसायचा, डबा पुढे सरकवत,
खोबरेल चोपडलेला केसांचा तुरा सांभाळत.

एक तबकडी निघाली.
तिच्यावर नाव छापलं: के. टन.
एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात
सुई एका जागी अडकायची,
लोक उसळपाव खाता खाता
नेमका तिथेच ताल धरायचे.

मग विजेवरचा बास आला.
कैतान परतला,
टपावर नको म्हणाला, मांडीशी धरून बसला.
कंडक्टरने उंची बघून
बासाचं अर्धं तिकीट फाडलं.

जत्रेत मृदंगवाला तापाने पडला त्या रात्री
कैतानला झोपेतून उठवून नेलं.
शंखासुर असा नाचला, असा नाचला,
की मरायचं विसरला.
देवाला थांबावं लागलं.

गेल्या मे महिन्यात त्याचा भाचा दारात आला,
पेटी करायची आहे म्हणाला.
मला आधी हार्मोनियम वाटली.

आढ्यावर बापाने ठेवलेली
त्याच फणसाची एक फळी होती.
माप घरात घेतलं, कोरड्या जमिनीवर, दोनदा.
झाकण लावण्याआधी
बोटं आपटून बघितली एकदा.
बरी बोलत होती.
पाद्री बघत होता, म्हणून परत नाही.