वाळू उकळते तेव्हा

चौलनाक्यावर चांगुणाआत्या कढईतली वाळू
तळहातानं जोखायची, वीतभर वरून, न टेकवता.
"आजून नाय," म्हणायची, आणि झावळ्या सारायची आत.
मग एकदम मूठभर तांदूळ,
आणि झारा पुरता फिरायच्या आत
पांढरेफेक कुरमुरे वाळूच्या डोक्यावर.
चाळणीतून वाळू खाली, परत कढईत.
मी डिप्लोमा करून आले तरी तीच वाळू.

आता माझ्यासमोर आठ पडदे.
कुंडलिकेच्या मुखाशी पोलादी भांड्यात
शेकडो टन वाळू उभी आहे.
वाळू आपली म्हणायची. पिठाइतके बारीक गोळे,
अंगाला नखभरसुद्धा नाही इतकं प्लॅटिनम.
खालून प्रोपेन शिरला की ती पाण्यासारखी वागते,
हिंदकळते, बुडबुडे सोडते, पातळी धरते.
सहाशे दहा अंश.
प्रोपेनच्या आठातले दोन हायड्रोजन सुटतात
आणि वरून निघतो तो प्रोपेन नसतो;
त्याचे पुढे दोर होतात, घमेली होतात,
आत्याची नवी चाळणीसुद्धा, निळी, जी तिला आवडत नाही.

कण मात्र काळवंडतो.
ऊब देऊन बसलेला, अंगावर कार्बनचं किटण,
तो शेजारच्या भांड्यात घसरतो.
तिथे हवा. किटण पेटतं, त्याच आगीत तो तापतो
आणि निघतो परत.
सुट्टी नाही त्याला. झिजून धूळ झाला
की फिल्टरात सापडतो, तेवढंच.

मंगळवारी रात्री पावणेतीनला ब्लोअर बसला.
दाबाची रेघ, एरवी सतत थरथरणारी,
गुळगुळीत झाली.
वाळू मेली, आत्या म्हणाली असती.
गॅस सगळा मशालीकडे वळला
आणि खाडीवर इतका उजेड पडला
की कंट्रोल रूमच्या काचेत मला माझे कान दिसले.

फोन हसुरामकाकांचा, कोर्लईच्या पुढून, होडीतून.
एरवी तेवढ्याशा ज्योतीच्या अंदाजानं घरी येणारा माणूस.
मला वाटलं, दिशा चुकली.
"पोरी, इझवू नको! उजेराला माकुल आलंय वर,
पानी नुसतं पांढरं झालंय!"
मी म्हटलं, काका, इथे तासाला लाखो रुपये जळतायत.
"जलू दे ना अर्धा तास," ते म्हणाले.

चाळीस मिनिटांनी हवा मिळाली.
आधी एक बुडबुडा, मग दुसरा, रेघ कापायला लागली.
मशाल उतरली.
फोन पुन्हा वाजला, मी उचलला नाही.

सकाळी गेटवर ओल्या गोणपाटाखाली अर्धी टोपली माकुल.
अहवालात मी लिहिलं: जळलेला गॅस, अकरा टन.
टोपलीला रकाना नव्हता.

आत्यानं माकुल साफ करता करता सगळं ऐकलं,
शाईनं बोटं काळी,
आणि एवढंच विचारलं,
"वालू त नाय ना टाकून दिलीव?"